कसब्याच्या नळाचे मासे

मासे पाळणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्याला अभ्यास लागतो, धीर लागतो आणि मुख्य म्हणजे पाण्याची पारख लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली माणसं पुण्यात चारदोनच निघतील आणि त्यांत मी येतो. हे मी म्हणत नाही, आमच्या बँकेत सगळे म्हणत. मला तिथे जीके म्हणायचे. गोपाळकृष्णचं ते छोटं रूप होतं, पण नव्या मुलांना ते जनरल नॉलेज वाटायचं. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण तो गैरसमज आहे असं मला वाटलं नाही.

पुढे बँकेत संगणक आले. मी मॅनेजरला स्वच्छ सांगितलं, "एक तर हा डबा इथे राहील, नाहीतर मी." बँकेनं दुपारच्या चहापर्यंत विचार केला आणि डबा ठेवला. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा नक्की कुणाची, ते विचारू नका.

आमचा मुलगा शुभंकर मात्र त्याच डब्यावर मोठा झाला. हिंजवडीत नोकरी लागली, वर्षाच्या आत त्यानं धायरीला फ्लॅट घेतला आणि ताबा मिळाला त्याच महिन्यात कंपनीनं त्याला न्यू जर्सीला धाडलं. "फ्लॅट बंद ठेवण्यापेक्षा तुम्ही दोघं जाऊन राहा ना," तो फोनवर म्हणाला. आणि आमची कुसुम, जी तीस वर्षं मंडईपलीकडे जायचं तरी मला विचारून जायची, ती दुसऱ्या दिवशी न विचारता पातेली बांधायला बसली.

धायरी! कसबा पेठेतल्या माणसाच्या लेखी धायरी म्हणजे सिंहगडावर जाताना वाटेत लागते ती. वाटेत लागणाऱ्या ठिकाणी कुणी राहायला जातं का? लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, बाल्कनीतून डोंगर दिसतो, असं कुसुम येईल त्याला सांगायची. मी फक्त एवढंच विचारायचो, "आणि पाणी?" मग ती विषय बदलायची. कारण आमच्या सोसायटीला कॉर्पोरेशनचा नळ अजून आलेला नव्हता. सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरे थर चढतात आणि चहा प्यायला की काढा घेतल्यासारखं वाटतं. मी जन्मभर खडकवासला धरणाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. डोळे बांधून पुढे दहा पेले ठेवा, त्यातला खडकवासल्याचा कोणता ते मी नुसत्या वासावरून सांगेन.

म्हणूनच कसब्यातल्या दोन खोल्या मी सोडल्या नव्हत्या. भाड्याच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या, पण नळ घरात. किल्ली मी जानव्याला बांधून ठेवली होती. मालकांचा मुलगा केयूर याला तिथे नवी इमारत उठवायची होती. दोघातिघा भाडेकरूंच्या सह्या राहिल्या होत्या, त्यांत पहिला मी. खोल्या सोडल्याचं पत्र घेऊन तो दोनदा येऊन गेला. मोबदला वगैरे ठीक होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या खोल्या गेल्या की मी कायमचा धायरीकर होणार होतो. कुसुमला नेमकं तेच हवं होतं.

"सही करून टाका," ती म्हणायची. "त्या खोल्या आहेत तोवर तुमचं एक पाऊल तिथे. मला परत ते तीन जिने आणि मजल्यावरचा सामाईक संडास नको."

"तुला पाण्याचं महत्त्व कळत नाही."

"तीस वर्षं पहाटे उठून मी ते भरलंय," ती म्हणाली.

अशा तंग वातावरणात माझा रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास शांत बसून मासे बघत जा. दुसरा कुणी असता तर कोपऱ्यावरून दोन गोल्डफिश आणून मोकळा झाला असता. मी आधी अभ्यास केला. ज्या डब्यापायी बँक सोडली, त्याच डब्यापुढे सिंहगड रस्त्यावरच्या इंटरनेट कॅफेत चार दिवस बसलो. तिथे मला बोसमनी रेनबो नावाचा मासा सापडला. पुढचं अर्धं अंग निळं, मागचं अर्धं केशरी. कुणीतरी दोन मासे मधोमध कापून एकमेकांना शिवल्यासारखा! एका ऑस्ट्रेलियन माणसानं त्याच्यावर बावीस पानं लिहिली होती, ती मी छापून घेतली. खाणं, जागा, उजेड, आजार, सगळं लाल पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. पाण्यावरची तीन पानं तेवढी सोडली. पाण्याबद्दल पुण्याच्या माणसाला ऑस्ट्रेलियातून कोण काय शिकवणार?

मंडईजवळ दिगंबर नावाच्या गृहस्थाचं माशांचं दुकान आहे. मी गेलो तेव्हा तो पेपर वाचत होता.

"बोसमनी आहेत?"

त्यानं मान वर न करता एका टाकीकडे बोट दाखवलं. त्यात बोटाएवढे, राखाडी, चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेले दहाबारा मासे फिरत होते.

"हे बोसमनी?"

"नाही. त्यांचे वकील आहेत."

"यांना रंग कुठाय?"

"मोठे झाल्यावर येतो. नीट ठेवले तर सहाआठ महिन्यांत. घाई असेल तर शेजारी ऑइलपेंटचं दुकान आहे."

मला माणूस आवडला. मी सहा मासे घेतले. पिशवीला गाठ मारताना त्यानं विचारलं, "पाणी कुठलं घालणार?"

"पाण्याचं मला सांगू नका," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला. आमच्याकडचे दुकानदार एखादी गोष्ट एकदाच विचारतात. त्या दिवशी त्यानं ती दोनदा विचारली असती तर ही हकीकत इथेच संपली असती.

तीन फुटांची टाकी दिवाणखान्यात बसवली. रिक्षानं आणलेलं कसब्याचं पाणी भरलं आणि मासे आत सोडले. कुसुमनं चष्मा लावून पाहिलं.

"भांड्याचं धुणवण असतं त्या रंगाचे आहेत," ती म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले नागोराव आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई आले. नागोराव यवतमाळचे. एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले आणि मुलगा हिंजवडीत लागला म्हणून इकडे आले. माणूस मनानं सरळ आहे आणि पुण्यात त्याची तीच अडचण होते. ते टाकीवर वाकले.

"मासोया आणल्या जी तुमी? अशा तं आमच्या नाल्यात फुकट भेटतेत."

"हे न्यू गिनीमधले मासे आहेत," मी म्हणालो.

"मंग तिथच्या नाल्यातले असतीन."

मी आवाज चढवला. "यांना खडकवासल्याचं पाणी मिळत राहू दे, मग बघा. दिवाळीपर्यंत असे रंग येतील की डोळे दिपतील. त्या पाण्यानं माणसं घडवली, मासे काय घेऊन बसलात."

"आणि नाही आले रंग तर?" कुसुमनं विचारलं.

"नाही आले तर पाडव्याला केयूरला बोलाव. सही करतो."

"आणि आले तर?"

"आले तर तुळशीचं लग्न कसब्यात. तिथून परत येणं नाही."

शेजारी साक्षीला होते. कुसुमनं त्या सहा धुणवणी माशांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी निश्चिंती पसरली की मला थोडा अपमान वाटला.

दुसऱ्या रविवारपासून माझी वाहतूक सुरू झाली. वीस वीस लिटरचे तीन निळे कॅन. दोन स्कूटरच्या पायाशी, एक मागच्या सीटवर सुतळीनं बांधलेला. सकाळी कसब्यात जायचं, तीन जिने चढायचे, कॅन भरायचे, एक एक करून उतरवायचे आणि धायरीला आणायचे. पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून दोन दिवस बाल्कनीत झाकण उघडं ठेवायचे आणि मंगळवारी टाकीतलं जुनं पाणी काढून हे घालायचं. वाटेत पोलीस विचारायचा, "आजोबा, रॉकेल का?" मी म्हणायचो, "नाही, खडकवासला." तो सोडून द्यायचा.

नागोरावांना हे काही केल्या उलगडेना. एकदा त्यांनी मला पार्किंगमध्येच गाठलं.

"भाऊ, मले एक सांगा. धरण तं ह्या बाजूले हाय. पाणी इथूनच खाली शहरात जाते. अन् तुमी तेच पाणी तिथून भरून उलटं वर आणून रायले?"

"कसब्यात जाऊन आल्याशिवाय त्याला चव येत नाही," मी म्हणालो आणि कॅन उचलला. कमरेत कळ आली, पण ती मी चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

दोन महिने झाले. मासे मात्र होते तसेच. पंख अंगाला चिकटवून टाकीच्या एका कोपऱ्यात उभे राहायचे, पगारवाढ नाकारलेल्या कारकुनांसारखे. जेवायचे तेही उपकार केल्यासारखे. कुसुम त्यांना रोज सकाळी प्रेमानं विचारायची, "काय, बरे आहात ना?" तिच्या आवाजातला गोडवा मला समजत होता. तिनं बाल्कनीत लावायला कुंड्यासुद्धा आणल्या.

त्याच सुमारास वरणाचा प्रश्न निघाला. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे धायरीत नव्यानं आलेल्या कुणालाही विचारा. कुकरच्या आठ शिट्ट्या होवोत की अठरा, पाणी वेगळं आणि डाळ वेगळी, दोघांची ओळखसुद्धा होत नाही. मी तीन आठवडे गप्प बसलो. चौथ्या आठवड्यात ताट सारलं आणि बोललो. वीसेक मिनिटं बोललो असेन. कसब्यातलं वरण कसं असायचं, भातावर पडलं की कसं पसरायचं, आणि इथे कसे खडे वेचून खावे लागतात. "डोंगर बघून पोट भरतं का?" असा शेवट केला. कुसुमनं माझं ताट उचललं, बाल्कनीच्या दारात क्षणभर थांबली आणि आत गेली.

आणि काय सांगू, पुढच्याच सोमवारी वरण सुधारलं! लोण्यासारखं घोटीव, हिंगाचा वास सुटलेला. मी दोनदा भात घेतला. संध्याकाळी नागोराव भेटले तेव्हा त्यांना सांगितलंच, "बायकांना एकदा नीट समजावून सांगावं लागतं. मग येतो फरक."

"आमच्या घरीबी सुदरलं जी वरण," नागोराव म्हणाले. "मी तं काई बोललो नाई."

माझा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जातो, असा मी त्याचा अर्थ लावला.

ऑगस्टमध्ये एक दिवस सकाळी बाल्कनीतून ऊन आत आलं, टाकीवर पडलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. सर्वांत मोठ्या माशाच्या शेपटीकडे केशरी छटा होती. चार दिवसांनी दुसऱ्याला आली. महिन्याभरात सहापैकी चार मासे असे काही पेटले की काय वर्णावं! पुढून मोरपिशी निळे, मागून झेंडूच्या पाकळीसारखे केशरी. पंख फुलवून एकमेकांपुढे मिरवायचे. उरलेल्या दोन माद्या होत्या, त्यांना मिरवण्यात रस नव्हता. त्या फक्त बघायच्या.

मी कुसुमला हाक मारली. ती आली, तिनं टाकीकडे पाहिलं, मग बाल्कनीतल्या कॅनकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बोल की," मी म्हणालो.

"काही नाही," ती म्हणाली. "छान दिसतायत."

हरलेल्या माणसाशी उदारपणे वागावं, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते मला जमलं नाही. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मी पत्र पाठवलं, 'खडकवासल्याचे पाणी व मत्स्यरंग'. त्यात पाच महिन्यांचं निरीक्षण दिलं, धायरीच्या बोअरला दोन वाक्यांत झोडपलं आणि परदेशी तज्ज्ञांनी पुण्यात येऊन अभ्यास करावा असं शेवटी सुचवलं. पत्र छापून आलं, नावासकट. पाच दिवसांनी सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, की पत्रलेखकाने माशांऐवजी शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. म्हणजे पत्र गाजलं! लोक मासे बघायला येऊ लागले. मी प्रत्येकाला टाकीपुढे बसवून पाऊण तास पाण्याबद्दल सांगायचो. मासे पाच मिनिटं दाखवायचो.

कसब्यात जायची तयारीही मी सुरू केली. पुस्तकं बांधली, देवांच्या तसबिरी उतरवल्या. एका दुपारी झोपेतून उठलो तर कुसुम बाल्कनीत कुंड्यांपाशी बसली होती. समोरच्या डोंगराकडे बघत होती, हातात काही काम नव्हतं. तीस वर्षांत तिला असं रिकामं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. क्षणभर वाटलं, म्हणावं, राहू या इथेच. पण पत्र छापून आलं होतं. छापून आल्यावर माणूस मागे कसा फिरणार?

पाडव्याला सकाळी कुसुमनं मला ओवाळलं. मग केयूर आला. खाकी पाकिटात ते पत्र आणि खिशाला पेन. फराळाला नागोराव आणि कौशल्याबाईही होत्या. मी नवा झब्बा घालून टाकीशेजारी उभा राहिलो.

"केयूर, पेन खिशातच ठेव," मी म्हणालो. "आधी हे बघ."

"काका, जबरदस्त आहेत," केयूर म्हणाला. "पण मग सही?"

"सही नाही. तुळशीच्या लग्नाला आम्ही कसब्यात. या माशांना ज्या पाण्यानं हे रूप दिलं, ते पाणी सोडून मी राहणार नाही. जवळून बघ, काचेतून नीट कळत नाही." आणि मी टाकीचं झाकण काढलं.

बावीस पानांत लाल पेन्सिलीनं मीच खूण केली होती, की हा मासा उडी मारतो, झाकण काढू नये. सर्वांत मोठ्यानं उडी मारली. निळी-केशरी रेघ हवेत चमकली, चिवड्याच्या ताटलीला चाटून खाली फरशीवर पडली आणि तडफडू लागली. मी पकडायला गेलो, तो निसटला. केयूर पकडायला गेला, तर मासा त्याच्या पायांमधून सोफ्याखाली गेला. नागोराव पोटावर आडवे झाले, एका हातानं त्याला अलगद उचललं आणि धावत न्हाणीघरात नेऊन बादलीत सोडलं.

"अहो, ते बोअरचं पाणी आहे," मी ओरडलो. "काढा त्याला. दोन मिनिटांत मरेल तो."

"दुसरं पाणी कुठाय जवळ?" नागोराव म्हणाले.

आम्ही सगळे बादलीभोवती उभे राहिलो. मी घड्याळ लावलं. एक मिनिट झालं. दोन झाली. मासा बादलीत गोल फिरत होता. तिसऱ्या मिनिटाला त्यानं पंख फुलवले. चौथ्या मिनिटाला तो टाकीत दिसायचा त्याहून जरा जास्तच केशरी दिसायला लागला.

"घाबरल्यामुळे," मी म्हणालो. "धक्क्यानं रंग चढतो. केयूर, बाल्कनीतला कॅन आण. त्याच्या स्वतःच्या पाण्यात घालू त्याला."

केयूरनं कॅन आणला. मला वाटलं, आता संधी आहे. धायरीच्या लोकांसमोर एकदा कसब्याच्या पाण्याची परीक्षा होऊनच जाऊ दे. "थांब. तू कसब्यात वाढलेला मुलगा आहेस. त्यातलं घोटभर पिऊन बघ आणि यांना सांग, पाणी कशाला म्हणतात ते."

केयूरनं पेल्यात पाणी घेतलं, घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"काका, हे बोअरचं आहे."

"शक्य नाही. रविवारी मी स्वतः भरलंय."

"तुम्ही बघा."

मी बघितलं. वासाची गरज पडली नाही. जिभेवर ठेवल्याबरोबर कळलं. मी कुसुमकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती.

"जूनपासून," ती म्हणाली.

"काय जूनपासून?"

"तुम्ही वरणावरून बोललात ना, त्या रविवारपासून. तुम्ही कॅन ठेवून आंघोळीला गेलात की मी ते पाणी पिंपात ओतून घेते, डाळीला. आणि कॅन बोअरनं भरून ठेवते. मासे काही तक्रार करत नव्हते. तुम्ही करत होतात."

"साठ लिटर पाण्याची डाळ शिजवतेस तू?"

कौशल्याबाईंनी मान खाली घातली. "अर्धं आमाले देते न वहिनी. वरच्या बाईबी नेते. खालच्या मजल्यावरच्या दोघीबी."

"अन् मले वाटे, आपल्या डायीची जातच सुदरली," नागोराव म्हणाले.

मी आत गेलो, ती बावीस पानं काढली आणि सोडलेली तीन पानं दिवाणखान्यात उभ्या उभ्या वाचली. त्या ऑस्ट्रेलियन माणसानं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की हा मासा चुनखडीच्या तळ्यातला, याला क्षाराचं जड पाणी लागतं, मऊ पाण्यात तो कोमेजतो आणि रंग धरत नाही. म्हणजे चार महिने मासे धायरीचं पाणी पिऊन फुलले होते आणि खडकवासल्याचं पाणी मी खात होतो. पहिले दोन महिने मी त्यांना जे काही पाजलं, त्याबद्दल त्या पानावर फार कडक शब्द होते.

"तू सांगितलं का नाहीस?" मी कुसुमला विचारलं. "सांगितलं असतंस तर कधीच जिंकली असतीस."

"आणि तुम्ही पाणी आणणं बंद केलं असतंत. आज सांगणारच होते. म्हटलं, सणाचं वरण होऊन जाऊ दे."

मी खाली बसलो. हरलो की हरलो, मी शब्दाचा माणूस आहे. जानव्याची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. "केयूर, दे ते पत्र. कुठे करायची सही?"

केयूरनं खूप लगबगीनं पाकीट उघडलं. मी पेन टेकवणार तेवढ्यात कौशल्याबाई म्हणाल्या, "भाऊ, थांबा न. खोल्या देऊन टाकल्यावर डाय कशात शिजवाची?"

वरच्या बाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे, त्याही म्हणाल्या, "तेच म्हणते मी."

कुसुमनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि केयूरच्या खिशाला अडकवलं. मग किल्ली उचलून पुन्हा माझ्यापुढे धरली.

"पण काकू, पैज तर तुम्ही जिंकलात," केयूर म्हणाला. "म्हणजे नक्की काय ठरलं?"

"आम्ही राहणार इथेच," कुसुम म्हणाली. "खोल्या सोडायच्या नाहीत. हे पाणी आणतील. सोसायटीला नळ आला की ये, त्या दिवशी मीच यांच्याकडून सही करून देईन. करंजी घे अजून एक."

तर वाचकहो, खोल्या वाचल्या. मला जे हवं होतं ते मिळालं, असंच म्हणायला पाहिजे. आता कॅन तिनाचे सहा झालेत, त्यावर खडूनं फ्लॅटचे नंबर लिहिलेत आणि रविवारी दोन फेऱ्या होतात. एखादा कॅन अर्धा भरला तर खालच्या मजल्यावरच्या बाई बोलून दाखवतात. मी लिफ्टनं पाणी वर आणतो तेव्हा मासे टाकीत पंख फुलवून मिरवत असतात. ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

कसब्यातले शेजारी मात्र अजून मला मानतात. परवाच खालचे एकजण नळापाशी कॅनची रांग बघून म्हणाले, "गोपाळराव, एवढं पाणी? मासे वाढले वाटतं. किती झाले आता?"

मी म्हणालो, "चाळीस."

तसं खोटं नाही ते. सहा टाकीत आहेत. उरलेले चौतीस वरणभात खातात.